दुसऱ्या कडव्याआधीचा श्वास

‘तुम्ही एका जित्याजागत्या बाईला मशीन ठरवलंत.’

धाकटीनं एवढं टाइप केलं आणि तिची बोटं अडली. शेजारी, इंटरनेटवर गाणी ऐकवणाऱ्या कंपनीचा मेल उघडा होता. तुमचं नवं गाणं माणसानं गायलेलं नाही. सबब ते आणि बँडची आधीची सगळी गाणी काढून टाकली आहेत. अकरा वर्षं. एक्केचाळीस गाणी. बँजो, फिडल, माळरानासारख्या मोकळ्या चाली आणि कुणालाही गुणगुणता येतील असे शब्द. ना वशिला, ना कुणाची मेहरबानी. सगळी गाणी सकाळच्या चहाला होती, दुपारच्या चहाला नव्हती.

गादीवाल्याच्या दुकानामागची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या टेकवलेल्या. गाणारी थोरली बहीण स्टुलावर. तिचा नवरा उगाच बँजोच्या खुंट्या पिळत होता.

“मशीन म्हणे! मशीन असती तर बटण दाबून गप्प नसती का केली मी?” तो म्हणाला.

कुणी हसलं नाही.

“ताई, माझ्यामुळं झालं हे,” धाकटी म्हणाली.

दोन महिन्यांपूर्वी ह्याच कंपनीनं हेच गाणं परत धाडलं होतं. गायिकेचा श्वास ऐकू येतो, साफ करून पाठवा. मग धाकटीनं नऊ दिवस कानाला हेडफोन लावून बहिणीचा एकेक श्वास वेचून काढला, गव्हातले खडे काढावेत तसा. दुसऱ्या कडव्याआधीचा तेवढा हट्टी होता. तोही काढला.

“मग मूळचं पाठव ना. श्वासासकट,” थोरली म्हणाली.

“पुसलं. कॉम्प्युटरवर जागा पुरत नव्हती.”

थोरलीनं नुसती मान डोलावली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मरू दे ते,” नवरा म्हणाला. “आत्ता गाऊ दे हिला. नवीन पाठवू.”

“कुठं पाठवणार, भावोजी? खातंच बंद केलंय.” धाकटीनं मेलच्या तळाशी बोट ठेवलं. ‘निर्णय अंतिम आहे. या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.’

थोरली उठली, बहिणीच्या खांद्यावरून वाकून तिनं पडद्यावरची ओळ वाचली.

“खोड ते. भांडू नकोस, विचार.”

“कुणी वाचणार नाही, ताई.”

“तरी लिही.”

तिनं श्वास घेतला. गाद्यांच्या त्या खोलीत तो तिघांनाही ऐकू आला.

“लिही, ‘श्वास ऐकू येतो म्हणून गाणं परत पाठवलंत. ऐकू येत नाही म्हणून गाडलंत. आता मी श्वास घेऊ की नको, तेवढं कळवा.’”