आईचा गाल

"कॅमेरा लाव की गं, ठमे," मस्कतच्या हॉस्पिटलात नर्स असलेली आई विनवत होती. गावी मावशीकडे राहणारी लेक महिनाभर फोनवर नुसतीच बोलायची. चेहरा काही दिसू द्यायची नाही.

"नाही. तोंडभर पिंपल्स आलेत. लिंबू चोळलं, टूथपेस्ट लावली, नुसती आग होतेय. सारखी घासून धुते, तरी घाणेरडीच दिसते मी."

"घाणीमुळे येत नाहीत गं ते. या वयात त्वचेत तेल जास्त सुटतं, छिद्रं बुजतात, मग फोड येतात. लिंबूबिंबू बंद. सौम्य साबणानं हलक्या हातानं धू, फोडू नकोस, मावशीबरोबर डॉक्टरांकडे जा. हळूहळू जातील."

"आणि खड्डे राहिले तर?"

आईनं स्वतःचा गाल फोनजवळ नेला. तरुणपणीच्या मुरुमांचे खड्डे त्यावर अजून होते. "लहानपणी यांवरून बोट फिरवल्याशिवाय तुला झोप यायची नाही. आठवतं?"

मग पडदा उजळला. लालसर, रडवेला चेहरा दिसला आणि पाठोपाठ एक बोट पुढे आलं, काचेवर आईचा गाल चाचपू लागलं.

आईनं नकळत गाल पुढे केला.