खऱ्याची फट

"आधी मी जाणार," सुमंगला म्हणाली. "मग ही."

ही म्हणजे कविता, तिची सून. पावसाळा सरल्यापासून सुमंगलानं तिला नावानं हाक मारली नव्हती.

गुहेच्या तोंडाशी चपला काढता काढता कृष्णानं दोघींकडे पाहिलं. कृष्णा इथला वाटाड्या. गणेशगुडीला नदीवर मजा करायला येणारी कुटुंबं तो गुहेत फिरवून आणी. भांडणारी माणसं त्याला नवी नव्हती, पण ती निदान फोटोपुरती तरी हसत. ही तेवढंही हसेनात.

"अक्का, फटीकडं जायलाच पायजे असं न्हाई. लई मानसं आतलं बगून म्हागारी येत्यात."

"आमी फटीसाठीच आलाव."

गुहेच्या टोकाला दोन कातळांमध्ये एक उभी चीर होती. तिला खऱ्याची फट म्हणत. पोटात खोटं असलेला माणूस कितीही काटकुळा असो, तिथे अडकतो. आणि निर्मळ माणूस कसाही जाडजूड असला तरी पलीकडे सिद्धाच्या मूर्तीच्या पायाशी निघतो, असं आसपासच्या वाड्या मानत. पाहुण्यांना ती गंमत वाटे. सुमंगलाला नाही.

सुमंगलाच्या धाकट्या लेकीचं, भाग्यलक्ष्मीचं, लग्न ठरलं होतं. सुपारी फुटली, मांडवाचं बोलणं झालं, आणि कुणीतरी मुलाच्या घरी फोन करून सांगितलं की पोरीला फिट येते, गोळ्या चालू आहेत. लग्न मोडलं. गोळ्यांचं घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. आणि घरात परकी काय ती कविताच.

आज सकाळी सुमंगलानं सुनेचे कपडे स्वतःच्या हातानं पिशवीत भरून जीपमध्ये टाकले होते. सून फटीत अडकली तर जीप घराकडे वळणार नव्हती. थेट खानापूर, कविताचं माहेर, आणि तेही कायमचं. नवरा नागेश यावर अवाक्षर बोलला नव्हता. कविताला सासूपेक्षा त्याचीच चीड येत होती.

आत वटवाघळांचा उग्र वास होता. कृष्णा बॅटरीचा झोत टाकत पुढे चालला. "ही बगा गायीची आचळं. अजून पानी ठिबकतंय. ह्यो हत्तीचा कान." कुणी मान वर केली नाही. बिचारा सवयीनं दगडांनाच सांगत राहिला.

"माझं वाटोळं करून झोप लागती न्हवं तुला?" मागून भाग्या म्हणाली.

"खाली बगून चाल. शेवाळ हाय," कविता म्हणाली.

फट आली. वाटली होती त्याहून अरुंद निघाली.

"श्वास सोडायचा, अंग ढिलं टाकायचं, डावा खांदा आदी," कृष्णानं सांगितलं. "वैनी, पाटल्या काढा. घासतील."

"न्हाई काढणार."

"कशी काढंल?" सुमंगला फणकारली. "त्याच्यासाटनंच तर केलं सगळं!"

पाटल्या कविताच्या आईच्या. सासूनं त्या परस्पर भाग्याच्या लग्नात द्यायच्या ठरवल्या होत्या. लग्न मोडलं आणि त्या सुनेच्या हातात राहिल्या, सुमंगलाच्या लेखी एवढा पुरावा पुरे होता. आता एवढ्यावरून माणसाला गुन्हेगार ठरवायचं म्हणजे कमालच झाली.

"बग, खरं मानूस कसं जातं ते," म्हणत सुमंगला फटीत शिरली.

आणि निम्म्यावर अडकली.

आधी तिला पटेचना. मग तिनं छाती भरून श्वास घेतला आणि पुरतीच रुतली. "नागेशा! मेले रं!" नागेश हात धरून ओढू लागला तशी ती आणखी किंचाळली. भाग्या रडायला लागली. कृष्णा ओरडला, "ओढू नका! मानूस घाबरलं की फुगतंय."

कविता नवऱ्याला बाजूला सारून फटीत शिरली. सासूच्या खांद्याला खांदा टेकवला.

"आत्याबाई, श्वास सोडा."

"तू लांब हो!"

"लांब झाले तर हितंच ऱ्हाशीला. सोडा श्वास. अजून. आता डावा खांदा."

सुमंगला इंचाइंचानं सरकली आणि पलीकडे जाऊन पडली. तिच्या मागोमाग कविता सहज बाहेर आली. दगडानं आपल्याला सोडलं याचं तिलाच नवल वाटलं.

सिद्धापुढे समई तेवत होती. सुमंगला जमिनीवर बसूनच राहिली. ती इतकी लहान कविताला कधी दिसली नव्हती.

"मीच खोटी," ती म्हणाली. "पोरीचं दुखनं मी झाकलं. मुलाकडच्यांस्नी फशिवलं. आनि आळ तुज्यावर घेतला. सिद्धानं मलाच धरलं बग." तिनं सुनेचे दोन्ही हात कपाळाला लावले. "कविता, माजं चुकलं, बाई."

किती दिवसांनी स्वतःचं नाव ऐकलं. कविताला रडू फुटलं. ते खरं होतं, आणि सुटकेचं होतं.

"नागेशा," सुमंगला फटीतून ओरडली, "हिची पिशवी घरी जायाची. कुनी एक शबुद बोलायचा न्हाई हिला!"

मग तिनं सुनेला जवळ ओढलं आणि आवाज खाली आणला. "तुज्यापासनं चोरून ठेवलं हुतं, आता न्हाई ठेवत. भाग्याला दुसरं ठिकान आलंय. पोरगा बेस हाय. खरं ह्या खेपेला गोळ्यांचं कुनाला कळता कामा न्हाई."

"कोन कळवनार, आत्याबाई?" कवितानं पदरानं डोळे पुसले. "कुठली मानसं म्हनायची?"

"रामनगरची. बसस्टँडपाशी भांड्यांचं दुकान हाय त्यांचं."

कवितानं मान हलवली. मागच्या वेळी मुलाकडच्यांचा नंबर नागेशच्या मोबाइलमध्येच मिळाला होता. या वेळी तो दुकानाच्या पाटीवरून टिपून घ्यावा लागणार होता.