धोंड्याच्या बुडाशी

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात प्राचीन माणसांनी उभारलेले धोंडे पाहुण्यांना दाखवायचं काम मी करते. त्या सकाळी चौघांना घेऊन माझ्या भावाच्या, गोल्व्हेनच्या शेतात शिरले आणि जागच्या जागी थिजले. हजारो वर्षं उभा असलेला, दोन पुरुष उंचीचा धोंडा चिखलात आडवा पडला होता. गोल्व्हेनच्या ट्रॅक्टरची साखळी अजून त्याला गुंडाळलेली होती. नांगरटीच्या आड येतो, एक दिवस उपटून टाकीन, असं हा माझा धाकटा भाऊ नेहमी म्हणायचा. इथे निम्मे शेतकरी तसं म्हणतात, म्हणून मी ते हसण्यावारी नेत आले होते. "काय केलंस रे हे? संरक्षित धोंडा आहे हा, तुरुंगात जाशील," मी म्हणाले. तो धोंड्याच्या बुडाशी गुडघे टेकून टोपीनं चिखल पुसत होता. "ताई, हे बघ," तो म्हणाला. जो भाग आजवर जमिनीत गाडलेला होता, त्यावर एक गाय कोरलेली होती. लांब शिंगं, मागे वळलेली मान, आणि पोटाशी लुचणारं वासरू. पाहुणे वाकून पाहू लागले. गोल्व्हेननं वासरावरचा चिखल बोटानं काढला. "जन्मभर गुरं राखली मी. ही माझ्यासारख्याच कुणाचीतरी गाय होती गं, आणि मी तिला साखळी लावून ओढलं." मी फोन काढला. "लाव पोलिसांना," तो म्हणाला, "पण आधी गोठ्यातली ताडपत्री आण. आभाळ भरलंय, ही गाय भिजायला नको."