एका भेटीला एक पान

तिचं पत्र येऊन चार महिने झाले होते आणि काकांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र तीन ओळींचं. आई गेली, तिची नजर गेल्यावर तुमच्या संस्थेचं कुणीतरी दर गुरुवारी येऊन वाचून दाखवायचं म्हणे, पुस्तक कुठलं तेवढं कळवा, मलाही वाचायचंय. वाचून दाखवणारे काकाच. चारदा लिहायला बसले आणि चारही वेळा ‘स. न. वि. वि.’च्या पुढे पेन हललं नाही.

त्या सकाळी बैठकीत भिंतीवर आलेख उमटला. संस्थेचं काम मोजायला नवी मुलगी ठेवली होती. सगळे तिला आकडेताई म्हणत. वाचून दाखवणाऱ्यांनी भरलेले सहा वर्षांचे फॉर्म तिने कॉम्प्युटरवर चढवले होते. एका भेटीत सरासरी अठरा पानं वाचून होतात, असं तिचं गणित सांगत होतं. फक्त एका आजींपुढची रेघ पार जमिनीला टेकली होती. भेटी एकसष्ट, पानं एकसष्ट.

“काका, या आजी तुमच्याकडे होत्या ना?”

मागून कुणीतरी म्हणालं, काकांचा चष्मा पुसून होईपर्यंतच तास संपत असेल. सगळे हसले. काकाही हसले, बोलण्यापेक्षा ते सोपं. संचालकबाईंनी समजावलं, की देणगीदार हल्ली आकडे बघतात, तेव्हा इतक्या कमी पानांच्या भेटी यापुढे बंद कराव्या लागतील. काकांनी नेहमीसारखी मान डोलावली.

बैठक उठल्यावर आकडेताई फॉर्मचा गठ्ठा घेऊन त्यांच्या टेबलाशी आली. तिला चूक काढायची नव्हती, रकाना भरायचा होता. एकसष्टही फॉर्मवर पुस्तकाच्या नावाची जागा कोरी होती.

“पुस्तक नव्हतं,” काका खाली बघत म्हणाले. “पत्र होतं. त्यांच्या मुलीचं, जुनं. पुढच्या महिन्यात नक्की येते, असं लिहिलेलं. दुसरं काही वाचूच द्यायच्या नाहीत. मला पाठ झालं होतं, तरी कागद हातात धरावा लागायचा. घडी उलगडल्याचा आवाज आला नाही, की रागवायच्या.”

तिने गठ्ठा टेबलावर ठेवला.

“मग आली का मुलगी?”

“आजी गेल्यावर तिनेच पत्रातून विचारलंय, काय वाचायचात म्हणून.”

“एखाद्या चांगल्या पुस्तकाचं नाव सांगून टाका की, काका.”

तेही त्यांच्या मनात येऊन गेलं होतं. कपाटातून एक पुस्तक काढून दोन दिवस उशाशीही ठेवलं होतं. काकांनी गठ्ठ्यावरून बोट फिरवलं.

“एकसष्ट. नक्की ना?”

“दोनदा मोजलेत.”

दुपारी काकांनी कोपऱ्यावरच्या टपालपेटीत उत्तर टाकलं. जेमतेम चार ओळींचं. पुस्तक नव्हतं, तुमचं पत्र होतं. एकसष्ट वेळा वाचलं. ‘नक्की’ हा शब्द आला, की त्या मला थांबवायच्या आणि तो पुन्हा वाचायला लावायच्या.

तेवढा एक शब्द एकशे बावीस वेळा.