एका जांभईची बातमी

निजामाच्या राज्यातलं तेराशे सव्वीस फसली, मानमोडीच्या तापाच्या साथीच्या आधलं साल. चौसाळ्याच्या दवाखान्यात हकीम नबीसाहेब अफूबाजांना अफूनंच बरं करत. गोळी रोज द्यायची, पण दिवसागणिक लहान करत न्यायची. तसा सरकारी हुकूमच होता. एका वर्तमानपत्रानं छापलं, ‘सरकारी खर्चानं व्यसन!’ चावडीवर ते वाचलं गेलं आणि गाव बिथरलं.

बातमी लिहिणारे मोहनराव बीडहून स्वतः आले. गोळीच्या रांगेतल्या एकाकडे बोट दाखवून पाटलासमोर म्हणाले, “या सटव्याला आज गोळी देऊ नका. नशेची ओढ लागली की आधी जांभई येते. दिवस मावळेपर्यंत एक जरी आली, तर दवाखान्याला कुलूप.”

नबीसाहेबांनी होकारार्थी मान हलवली. सटवा पारावर बसला. त्याची बायको मनकर्णा समोरच बसली. कुलूप लागलं तर हा माणूस पुन्हा अफूच्या ठेक्यासमोर पडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ऊन चढलं. ठेक्यावर पडून असणारा अफूबाज आश्रुबा सटव्यापुढे मांडी घालून मुद्दाम जांभया देऊ लागला. “आ कर की बे! कावून दात आवळून बसलास?”

लोक हसले. मनकर्णेचाच जबडा सैल व्हायला लागला. तिनं पदर तोंडात कोंबला. सटव्याचे डोळे पाणावले होते.

“मने,” तो पुटपुटला, “कायबी बोल. शिव्या दे.”

तिनं पदर काढला. “देते की! लेकीच्या बारशाला निजलात. बापाच्या तेराव्याला निजलात. चोरानं बैल नेला, तवा दावं उशाला घेऊन निजलात! अजून सांगू?”

“सांग, सांग. लई हाय अजून.”

पारावर हशा पिकला. मनकर्णा थांबली नाही. सासरच्या साऱ्या पिढ्या तिनं उभ्या केल्या.

सूर्य टेकला. तेवढ्यात खुर्चीतल्या मोहनरावांनीच दाढा दिसतील एवढा आ वासला.

नबीसाहेबांनी अदबीनं विचारलं, “मोहनराव, आपण कधीपासून घेता?”

गाव लोटपोट झालं. सटवा उठला, अंग झाडलं. “मने, भाकर काढ. भूक लागली.”

मोहनरावांनी पुढच्या अंकात सगळं खरं छापलं, स्वतःची जांभई तेवढी वगळून. आश्रुबा वर्षभरात गोळीच्या रांगेत उभा राहिला आणि अफूतून सुटला. नबीसाहेब मानमोडीत घरोघर औषध देत फिरले आणि त्यातच गेले. त्यांच्या मातीला सारं गाव होतं. सटव्याकडे गावानं सुगीत खळ्यांची राखण दिली. रात्रभर त्याची हाळी शिवारातून यायची, आणि मनकर्णा बिनघोर निजायची.