चार बोटं कोंडा

तारापूरच्या वीजकेंद्राच्या कामावरल्या साहेबाची मोटारीमागं ओढायची चाकांवरली घरगाडी बघून पुंडलिकनं भंगारातल्या पत्र्याची तशीच एक ठोकली. मुरब्याच्या किनाऱ्यावर त्याची आई वत्सला सुकते बोंबील राखायची, तिला आडवं व्हायला. दुपारी पत्रा तव्यासारखा तापे.

"आतून दुसरा पत्रा मार, मधी भाताचा कोंडा भरू," वत्सला म्हणायची.

"चार बोटं जागा जाईल, आये. मग तुझे पाय काय बाहेर ठेवायचे?"

चैत्रात एकदाचा तो राजी झाला. वत्सलानं तीन दिवस खपून स्वतःच्या हातांनी कोंडा ठासला. आत गारवा झाला, तशी तिनं हौसेनं गोधडी अंथरली.



पुंडलिकनं ती उचलून वाळूत ठेवली. "बर्फ येतोय, आये. आत पापलेटं ठेवायचीत, त्यांना गरमी सोसत नाय."