विजारीच्या मुठी

डुगनने आयवरच्या विजारीला शिवलेल्या दोन्ही चामडी मुठी धरल्या आणि पेटी उचलावी तसं त्याला उचललं. आयवर वीतभर वर गेला असेल नसेल, तोच टर्रकन आवाज झाला. डावी मूठ डुगनच्या हातात राहिली आणि आयवर गुडघ्यांवर आपटला.

खेचरांच्या तबेल्यात कपडे बदलणारा सगळा संघ खो खो हसला.

"काय रे," कप्तान डुगन मूठ उलटसुलट करत म्हणाला, "तुझी बायको गावभरच्या बायांचे झगे शिवते, आणि नवऱ्याला कच्चे टाके?"

"जेवायला तरी घालते का?" लांबडा क्रोल म्हणाला. "एवढासा राहिलाय तो."

"एवढासा आहे म्हणून तर आपल्या कामाचा."

खोटं नव्हतं ते. आयवरने लांबट चेंडू पोटाशी आवळून धरायचा, डुगन आणि क्रोलने दोन्हीकडून मुठी पकडायच्या आणि समोर एकमेकांत अडकून उभ्या असलेल्या माणसांच्या भिंतीवरून त्याला पलीकडे फेकायचं. पेनसिल्वेनियाच्या कोळसापट्ट्यात तेव्हा फुटबॉल असाच चाले. कसं पडायचं हे फेकलेल्याच्या हातात नसे. हातात चेंडू असे, आणि तो सोडायचा नसे. मागच्या शनिवारी पलीकडच्या खाणीचा टोबायस मानेवर पडला. आता त्याची आई त्याला चमच्याने भरवते. नाकावर माशी बसली तर तीही तिलाच हाकलावी लागते.

सकाळी आयवरची बायको ऑल्वेन खिडकीशी बसून याच मुठी शिवत होती. मेणाचा दोरा तिने बाजूला ठेवला आणि झग्यांचा बारीक दोरा ओवला, हे आयवरने पाहिलं. त्याने पाहिलं, हे तिनेही पाहिलं. तो चुलीपाशी जाऊन निखारे सारत बसला. शब्द म्हणून झाला नाही दोघांत. खेळतो म्हणून मुकादमाने त्याला वर दिवाघरात, कामगारांचे दिवे भरायचं काम दिलेलं. खेळ सोडला की पुन्हा खाली, खाणीत. पण ऐन खेळात मूठच तुटली, तर फेकणं राहून जाईल, आणि त्याला कोण काय बोलणार?

ती तुटायची होती मैदानात. तुटली तबेल्यात.

"घरी पळत जातो," आयवर म्हणाला. "शिवून घेऊन येतो."

"वेळ कुठाय? ओणवा हो." डुगन आठवडाभर खेचरांचे पट्टे दुरुस्त करायचा. त्याने खुंटीवरची आरी काढली, मेणाचा जाड दोरा दातात धरला. "आणि लाथा मारू नकोस. त्या बाबतीत खेचरं तुझ्यापेक्षा शहाणी आहेत."

आयवर गव्हाणीला धरून ओणवा झाला. आरी चामड्यातून आरपार जायची, दोरा करकरत यायचा, आणि डुगन त्याच्या मांडीला गुडघा लावून टाका ओढायचा. आयवर एकेक टाका मोजत होता.

"उजवीचीही तीच तऱ्हा," डुगन म्हणाला. "हीपण पक्की करून टाकू. थरथरतोयस का रे?"

"थंडी आहे."

आरी थांबली. डुगन त्याच्या कानाशी वाकला. "हे बघ, भीती वाटत असेल तर आत्ता सांग. क्रोलचा भाऊ तयार आहे. मी कुणाला काही बोलणार नाही."

डुगन हळू बोलला खरा, पण तबेला एकाएकी गप्प झाला होता. क्रोल बुटाची नाडी तशीच धरून बघत होता. आयवरच्या जिभेवर शब्द आला. त्याला टोबायसची मान दिसली. मग खाणीतलं गुडघाभर काळं पाणी दिसलं, आणि त्या पाण्यातून त्याला हाका मारून हसणारे हेच चेहरे दिसले.

"थंडीच आहे," तो म्हणाला.

"शाबास." डुगनने दातांनी दोरा तोडला. दोन्ही मुठी धरून त्याला उचललं आणि पाळण्यासारखं झुलवलं. टाका हलला नाही.

बाहेर मैदान गोठून दगड झालेलं. दोरीपलीकडे अख्खं गाव उभं होतं. ऑल्वेन दर शनिवारी यायची, पण नवऱ्याला उचलायची वेळ आली की शालीत तोंड घालून पाठ फिरवायची. आज ती दोरीला खेटून उभी होती, आणि शेजारणीच्या पिशवीतले भाजलेले चेस्टनट सोलून खात होती. कित्येक दिवसांत आयवरने तिला असं चवीने काही खाताना पाहिलं नव्हतं.

त्याने तिच्याकडे बघून मान हलवली. नाही, नाही.

तिला वाटलं, तो धीर देतोय. तिने हळूच ओठांवर बोट ठेवलं आणि हसली.

त्याला ओरडून सांगायचं होतं. पण डुगनने चाल सुरू करायचे आकडे पुकारलेसुद्धा. चेंडू येऊन पोटात बसला. दोन्ही बाजूंनी हात आले, मुठी आवळल्या गेल्या, आयवरचे पाय जमिनीवरून सुटले. खाली माणसांची डोकी सरकू लागली. त्यांच्या पलीकडे, दोरीपाशी, शाल मागे सारून ऑल्वेन निवांत बघत होती, टाके उसवायची वाट बघत.